ओटीचं फडकं

मंचरच्या अलीकडे महामार्गाला लागून एक जुनी वखार आहे. हल्ली तिच्यात कांदा कोणी ठेवत नाही. पण त्या वर्षी दर मंगळवारी सकाळी नऊच्या आत ती अशी भरून जायची, की मागाहून आलेल्या बाईला पाय ठेवायला जागा नसे. जुन्नर, आंबेगाव, खेड, तिन्ही तालुक्यांतून बायका यायच्या. कोणी एसटीने, कोणी वडापच्या जीपने, कोणी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून. नवरे बाहेर गाड्यांपाशी तंबाखू मळत थांबायचे. आत फक्त बाया, आणि कांद्याच्या जुन्या फोलपटांचा वास.

समोर दोन लाकडी बाकं जोडून त्यांवर भगवी चादर अंथरलेली. तिथे माईक घेऊन ज्ञानेश्वर उभा असायचा. हा माउलीचा नवरा, पण वखारीत तो स्वतःला सेवेकरी म्हणवून घ्यायचा.

"डॉक्टर कापतो, माउली सोडवते," तो सुरू व्हायचा. "डॉक्टर पिशवी नेतो, माउली मळ नेते. चिरा नाय, टाका नाय, सलाईन नाय. सात मंगळवार, सात फडकी. बाईमाणसाच्या पोटातली गाठ म्हंजी काय? कुणाची तरी नजर, कुणाची तरी हाय, कुणाचं तरी न पचलेलं बोलणं. ते सुरीनं निघतं व्हय?"

नाही निघत, असं बायका माना हलवून सांगायच्या. न पचलेलं बोलणं प्रत्येकीच्याच पोटात असतं, त्यामुळे ज्ञानेश्वरचं निदान कधी चुकत नसे.

मग माउली यायची. पन्नाशीची, हिरव्या लुगड्यातली, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. ओळीने मांडी घालून बसलेल्या प्रत्येक बाईच्या ओटीपोटावर, साडीवरूनच, हळदीच्या पाण्यातून काढून वाळवलेलं एक पिवळं फडकं पसरलेलं असे. त्याला ओटीचं फडकं म्हणायचे. माउली पितळी तांब्यातलं बेलाचं तीर्थ डहाळीने त्यावर शिंपडत जायची. डोळे मिटायचे, पाच मिनिटं मनात नाव घ्यायचं, आणि डोळे उघडायचे.

फडकं काळं झालेलं असे. थेंब पडले तिथे निळसर काळं, शाईसारखं. कोरड्या पोटातून, साडीच्या आरपार, काहीतरी वर आलेलं. पहिल्या मंगळवारी सगळ्यात काळं. दुसऱ्याला थोडं कमी. असं करत सातव्याला फडकं पिवळंच राहायचं, एक डाग नाही. म्हणजे गाठ सुटली. सुटलेल्या बाईला बाकापाशी बोलावून तिच्या हातात माईक दिला जाई. कळंबच्या बयाबाईंनी सांगितलेलं तर पाठच झालं होतं बायकांना: दोन वर्षं अंगावरून जात होतं, सातव्या फडक्याला थांबलं, आता मी चार जणींचं काम करते.

घरी पाळायच्या तीन गोष्टी होत्या. फडकं कोणाला दाखवायचं नाही, तुळशीपाशी पुरायचं. रक्त जास्त गेलं तर घाबरायचं नाही, मळ पडतोय. आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बंद. लोखंड पोटात गेलं की गाठ लोखंडाची होते.

चौथ्या ओळीत प्रयागबाई बसली होती. तिचा तो पाचवा मंगळवार. फडक्यावर फिकट करडे ठिपके उमटले होते आणि शेजारणी तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. प्रयागबाईने उठताना भिंतीला हात लावला. वखार एकदा गोल फिरली आणि पुन्हा जागेवर आली.

पिंपळवंडीच्या मळ्यात तिचं घर. वय सेहेचाळीस. नवरा जाऊन सात वर्षं झाली. मुलगा गोरख चाकणला कंपनीत, बायको आणि छोट्या शौर्यला घेऊन तिकडेच राहायचा. मुलगा वाईट नव्हता. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. आई, जेवलीस का? जेवले. बरं, ठेवतो. एवढं बोलणं झालं की उरलेला दिवस तिचा. विहिरीची मोटर, एक म्हैस, दीड एकर कांदा, आणि गोरख गेल्यापासून कोणी न उघडलेली मधली खोली.

वर्षभरापूर्वी पाळी दहा दिवस चालायला लागली. मग पंधरा. मग दोन पाळ्यांमधली फटच बुजून गेली. पोट खालून टणक लागायचं, चार-पाच महिन्यांचं असल्यासारखं. लघवीला सारखं जावं लागे. जिना नव्हता घराला, पण ओसरीच्या तीन पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागे. हे सांगणार कोणाला? मुलाला सांगायची गोष्ट नाही. सुनेला सांगितली तर मुलाला कळणार. शेजारच्या जावेशी बांधावरून बोलणं बंद होतं.

एकदा हिंमत करून ती एका दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी कागदावरून मान न उचलता सांगितलं, गाठी आहेत, पिशवी काढून टाकू, सोबत कोण आहे? कोणी नाही, ती म्हणाली. मग उद्या कोणाला तरी घेऊन या. एसटीत बसल्यावर तिला गाठींपेक्षा हाच प्रश्न जास्त टोचत राहिला. उद्या कोणाला आणायचं?

दुसरे दिवशी ती गेली नाही. त्यानंतरच्या मंगळवारी वखारीत गेली.

आणि तिथे जे झालं त्याचा काळ्या डागाशी संबंध नव्हता. शिंपडणं संपल्यावर माउली पुन्हा ओळीने फिरायची आणि प्रत्येकीच्या पदरात मूठभर तांदूळ घालून ओटी भरायची. प्रयागबाईने पदर आवरून घेतला होता. विधवेची ओटी कोणी भरत नाही. सात वर्षांत लग्नाकार्यात ती आपणहून मागे, चुलीकडे बसायची. माउली तिच्यापाशी थांबली. कपाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पदर स्वतःच्या हाताने पसरवला, तांदूळ घातले आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "लई सोसलंस." प्रयागबाई तिथेच रडली. सात वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता, हे तिला त्या हातामुळे कळलं.

त्यानंतर आशाताई हर्षाली गोळ्या घेऊन आली, बोटाला टोचून रक्त तपासलं आणि घाबरून म्हणाली, "काकू, हिमोग्लोबिन सात भरलं. बारा पायजे. आत्ता चला माझ्यासंगं." प्रयागबाईने गोळ्या घेतल्या, डब्यात ठेवल्या आणि तिला चहा न पाजता वाटेला लावलं.

मात्र माउलीची एक गोष्ट तिने पाळली नाही. फडकं पुरलं नाही. यात बंडखोरी नव्हती. घरातली जुनी लुगडी, धोतरं, उशीचे अभ्रे, सगळं फाडून झालं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. पॅड आणायचे तर दुकानात गोरखचा वर्गमित्र बसायचा. ओटीचं फडकं चांगल्या सुती कापडाचं, दुहेरी घडीचं होतं. तिने हात जोडले, माफी मागितली आणि ते धुऊन वापरायला घेतलं. धुतल्यावर हळद उतरली. काळं मात्र तसंच राहिलं. न्हाणीमागच्या तारेवर अशी चार फडकी एका ओळीत वाळायची, काळ्याकडून करड्याकडे जाणारी. पाचवं अजून पिशवीतच होतं.

त्याच आठवड्यात कांदा काढायला डोंगरातल्या आहुप्याची टोळी उतरली. दरवर्षी यायची. टोळीची म्होरकी सोनीबाई, पन्नास-बावन्नची, सडपातळ, बोलायला लागली की थांबायची नाही. ती हात धुवायला न्हाणीमागे गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "वयनी, एवढा हिरडा कुठनं आणलास गं?"

"कसला हिरडा?"

"ह्ये काय, फडक्याला लावलाय. हिरड्याचं डाग हायेत." सोनीबाईने आपली बोटं पुढे केली. नखांच्या कडांना, बोटांच्या पेरांना तोच निळसर काळा रंग होता. "बाळहिरडा येचून सरळ हिकडंच आलो. इळ्यानं फोडला का इळा काळा, हात काळं, लुगडं काळं. साबण सपतो, डाग सपत न्हाय."

प्रयागबाईला आधी राग आला. तिने फडकी ओढून घेतली आणि देवाचं आहे ते, कामाला लाग, असं सुनावलं. सोनीबाई गेली. पण दिवसभर पात कापताना प्रयागबाईची नजर पुन्हा पुन्हा त्या बोटांवर जात राहिली. दुपारी भाकरी खाताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की विळा लागलाच नाही तर?

"मंग पिवळाच ऱ्हातो. लोखांड लागलं तरच काळा."

प्रयागबाईचा जीव भांड्यात पडला. माउलीच्या हातात लोखंड नसतं. पितळेचा तांब्या, बेलाची डहाळी, पाणी. तिने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला आणि तो तोंडात जायच्या आधीच तिला आठवलं. दुसऱ्या मंगळवारी तीर्थाचा एक थेंब ओठावर उडाला होता. विळ्याचं पातं चाटल्यासारखी तुरट, गंजाची चव. आणि ते पाणी हिरवट होतं. बेलामुळे, असं ज्ञानेश्वर म्हणायचा. पण बेलाची पानं पाण्यात अर्धा दिवस ठेवली तरी पाणी हिरवं होत नाही, हे महादेवाला बेल वाहणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको.

हिरवट पाणी आणि लोखंडाची चव. ही जोडी तिच्या ओळखीची होती. ती उठून पडवीत गेली. टोमॅटोची पानं पिवळी पडली तेव्हा खताच्या दुकानातून आणलेली फेरस सल्फेटची पिशवी कोपऱ्यात होती. आत फिकट हिरवे खडे, थोडे गंजलेले. झाडाला लोह कमी पडलं की शेतकरी हेच पाण्यातून सोडतात. त्यालाच जुनी माणसं हिराकस म्हणतात.

सोनीबाईच्या गाठोड्यात खोकल्यासाठी बांधलेले हिरडे होते. ते ठेचून उकळले. एका जुन्या पांढऱ्या पंच्याचे तुकडे केले. नवीन औषध आणलं की प्रयागबाई एक वाफा कोरा सोडायची. त्याशिवाय औषधाने फरक पडला की पावसाने, हे कळायचं कसं? त्याच सवयीने तिने एक तुकडा नुसत्या हळदीत बुडवला, दुसरा हळद आणि दाट हिरड्याच्या पाण्यात, तिसरा हळद आणि पातळ हिरड्याच्या पाण्यात. चौथा दुसऱ्यासारखाच, पण त्यावर साधं पाणी शिंपडायचं. तुकडे वाळवले. वाळल्यावर चारही पिवळेच दिसत होते. मग फेरसचं पाणी शिंपडलं आणि दोघी ओसरीवर बसून राहिल्या. डोळे मात्र कोणी मिटले नाहीत.

हळदीचा तुकडा तसाच राहिला. साध्या पाण्याचाही तसाच. पातळ हिरड्याचा करडा झाला. दाट हिरड्याचा आधी जांभळट, मग हवा लागेल तसा काळा, अगदी पहिल्या मंगळवारसारखा.

सोनीबाई हसायला लागली. आमचा हिरडा आणि तुमचं खत, म्हणाली, आणि दोघांचा देव केला की गं त्या बाईनं. डोंगरातल्या बाईला हिरड्याचा डाग ठाऊक, पण फेरस तिने कधी पाहिलेलं नाही. मळ्यातल्या बाईच्या पडवीत फेरस, पण हिरडा तिला खोकल्यापुरता माहीत. दोघी कधी शेजारी बसून फडकं बघणार नाहीत, यावरच वखार चालली होती.

प्रयागबाई हसली नाही. तिने डबा उघडून हर्षालीची एक लाल गोळी काढली, कपात विरघळवली आणि साध्या पाण्याच्या चौथ्या तुकड्यावर ओतली. तोही काळा झाला. जे लोखंड पोटात जाऊ देऊ नका म्हणून माउली बजावत होती, तेच ती दर मंगळवारी त्यांच्या पोटावर शिंपडत होती, कापड काळं करण्यासाठी. आणि सातवं फडकं कोरं राहायचं, कारण ते नुसत्या हळदीतून काढलेलं असायचं. गाठ दगडाएवढी असो की नसो, सातव्या मंगळवारी प्रत्येक बाई बरी होणारच होती.

सोनीबाईने तिची खालची पापणी ओढून पाहिली. गाय आजारी पडली की पाहतात तशी.

"वयनी, आत कायबी लाल न्हाय ऱ्हायलं. दोन मंगळवार अजून गेलीस तर तू कायमची जाशील."

प्रयागबाईला ते कळत होतं. तरी त्या संध्याकाळी तिला एकच गोष्ट बोचत होती, आणि ती सांगताना ती आजही ओशाळते. फसवलं याचं दुःख नंतरचं. आधी वाटलं, आता तो हात गेला. गोरखचा फोन आला. जेवलीस का? जेवले. बरं, ठेवतो.

दुसऱ्या दिवशी गोळी सुरू करून, हर्षालीला बोलावून, सरळ रुग्णालयात जाता आलं असतं. सोनीबाईचं म्हणणं तेच होतं. पण परवा मंगळवार होता, आणि चौथ्या ओळीतल्या शेजारणीचे ओठ आपल्यासारखेच पांढरे असतात, हे प्रयागबाईला आठवत राहिलं. तिने हर्षालीला फोन करून बुधवारची वेळ पक्की केली. मंगळवारी ती सोनीबाईला घेऊन वखारीत गेली. पदराखाली परसातला एक दुधी भोपळा होता.

फडकी वाटली गेली. प्रयागबाईने दुधी मांडीत घेतला, त्यावर फडकं पसरलं आणि वरून पदर ओढला. माउली ओळीने येत होती. ती जवळ आल्यावर पदर बाजूला झाला, डहाळी हलली, थेंब पडले, माउली पुढे गेली. रोजच्या हाताला सवय झालेली असते. तो खाली बघत नाही.

पाच मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा प्रयागबाई उभी होती. एका हातात दुधी, दुसऱ्यात फडकं. सहावा मंगळवार म्हणून डाग फिकट होते, पण होते.

"माउली," ती म्हणाली. आवाज मोठा निघत नव्हता, तरी वखार शांत असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "ह्या दुध्याला पण गाठ हाय का? सात मंगळवार ह्याला बी आणू?"

कुठेतरी एक बाई फिस्सकन हसली आणि गप्प झाली. ज्ञानेश्वरने माईक तोंडाशी नेला, पण माउलीने हात वर केला. ती अजिबात गडबडली नाही. तिने दुधी हातात घेतला, कपाळाला लावला आणि हळू आवाजात म्हणाली, की बघा बायांनो, हिची गाठ दुध्यात उतरली, अशी भक्ती पाहिजे.

आणि वखारीने ते मान्य केलं. बायका हात जोडायला लागल्या. एकीने दुध्याला वाकून नमस्कार केला. प्रयागबाईला वाटलं होतं की खरं दाखवलं की काम झालं. तिला पहिल्यांदाच कळलं की ज्याला विश्वास हवाच आहे त्याच्यापुढे नुसता दुधी ठेवून भागत नाही.

तेवढ्यात सोनीबाईने वखारीच्या दारातला एक धोंडा उचलून आणला, भगव्या चादरीवर ठेवला आणि त्यावर घरून हिरड्यात बुडवून आणलेलं फडकं पसरलं. "आता ह्याची बी भक्ती बघा," ती म्हणाली. प्रयागबाईने पिशवीतून फेरसचे खडे काढून सगळ्यांसमोर बाटलीतल्या पाण्यात टाकले आणि ते पाणी शिंपडलं. ना बेल, ना माउली. फडकं काळं होत गेलं. काळं होताना ती सांगत गेली: हा हिरडा, आहुप्याच्या रानातला. हे फेरस, तुमच्या नवऱ्यांनी बागेसाठी आणलेलं, पडवीत बघा. दोन्ही एकत्र आलं की शाई होते. घरी जा, आणि पुऱ्या गावासमोर धोंड्यावर करून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. करून बघा.

"बाहेर काढा दोघींना," ज्ञानेश्वर म्हणाला. माईक चालू होता हे त्याच्या लक्षात राहिलं नाही.

बाहेर काढायलाही कोणी पुढे आलं नाही, आणि त्या दोघींच्या बाजूने बोलायलाही कोणी उठलं नाही. दोनेकशे बायका, आणि त्यांच्यामध्ये प्रयागबाई दुधी विकायला आल्यासारखी एकटी. मग आयुष्यात कोणासमोर बोलली नव्हती ते ती बोलली.

"माझं दीड महिना झाला, थांबलं न्हाई. ही फडकी मी पुरली न्हाईत. ती वापरली. घरात दुसरं कापड उरलं न्हवतं."

एवढं बोलून ती खाली बसली, कारण उभं राहवेना.

पुढच्या ओळीत बयाबाई बसली होती. चार जणींचं काम करणारी, दर मंगळवारी माईकवर बोलणारी. ती उठली. माईककडे गेली नाही. जागेवरूनच, समोर कोणाकडेही न बघता म्हणाली, "माझं बी थांबलं न्हवतं. सातवं फडकं कोरं आलं. मंग सांगणार कसं, की माझंच थांबलं न्हाई? मला वाटलं मीच पापी."

त्यानंतर वखारीत जे झालं त्याला गोंधळ म्हणता येणार नाही. आरडाओरडा झाला नाही. एक-एक बाई आपलं फडकं घडी करून उठायला लागली. काही जणी जाताना माउलीच्या पाया पडल्या. काहींनी प्रयागबाईकडे रागाने पाहिलं. त्यांचा आधार तिने काढून घेतला होता. बयाबाई मात्र तिच्याजवळ येऊन खाली बसली आणि तिने पाण्याची बाटली पुढे केली.

बुधवारी सरकारी रुग्णालयात हर्षालीसोबत प्रयागबाई, सोनीबाई आणि बयाबाई अशा तिघी गेल्या. डॉक्टर मोहिनी नावाच्या तरुण बाई होत्या. रक्त साडेपाच निघालं. त्यांनी आधी त्याच दिवशी रक्त चढवायला घेतलं, रक्तस्राव आवरायचं औषध सुरू केलं, आणि मग खाटेवर बसून, कागदावर चित्र काढून बोलल्या. गर्भाशय ही स्नायूची पिशवी. त्याच स्नायूच्या काही पेशी वाजवीपेक्षा वाढतात आणि त्यांची गाठ होते. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना अशी एखादी तरी होते. पुष्कळजणींना कळतही नाही, आणि त्रास नसेल तर काहीच करावं लागत नाही. ती सहसा कॅन्सर नसते. बाईच्या अंगातल्या रसांवर, म्हणजे हार्मोन्सवर, ती पोसते, म्हणून पाळी गेली की बहुधा आक्रसते.

"का व्हत्यात?" बयाबाईने विचारलं. "नजरेनं न्हाई, तर मंग कशानं?"

"घराण्यात असली तर शक्यता वाढते. पण पूर्ण कारण आम्हालाही अजून माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

प्रयागबाईला हे उत्तर विशेष वाटलं. माउलीला सगळं माहीत होतं.

इलाज एकच नसतो, हेही तिथे पहिल्यांदा कळलं. रक्त कमी करणाऱ्या गोळ्या असतात. गर्भाशयात बसवायचं औषधाचं साधन असतं. काही काळ गाठ बारीक करणारी इंजेक्शनं असतात. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. पिशवी ठेवून नुसत्या गाठी काढता येतात. आणि पिशवीही काढतात, पण गरज असेल तरच. कोणी घाईने काढू म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवण्याचा प्रत्येकीला हक्क आहे. बयाबाईची गाठ लहान होती. आधी इतर तपासण्या करून मग तिला ते साधन बसवलं, आणि काही महिन्यांत तिचा रक्तस्राव आटोक्यात आला. प्रयागबाईच्या गाठी सात होत्या, सगळ्यात मोठी नारळाएवढी. तिने दोन दिवस विचार केला, अंडाशय ठेवणार ना, हे तीनदा विचारून घेतलं, आणि पिशवी काढायला स्वतः हो म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी गोरख आला. बाहेरच्या बाकावर हातात हेल्मेट घेऊन बसून राहिला. आत आल्यावर म्हणाला, "आई, सांगितलं का न्हाईस?"

"तू जेवलीस का इचारायचास," ती म्हणाली. "मी जेवत व्हते."

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, पाहायच्या आहेत का गाठी? तपासणीला पाठवण्यापूर्वी त्यांचा फोटो काढून ठेवला होता. प्रयागबाईने मोबाइल हातात घेतला. मोठी गाठ मधोमध कापलेली होती. फिकट पांढरी, घट्ट, आत दोऱ्याच्या गुंडीसारखे वेटोळे. तिने बराच वेळ पाहिलं. काळं त्यात काहीच नव्हतं.

वखार आता रिकामी आहे. तक्रार झाली, चौकशीला माणसं आली, त्याआधीच भगवी चादर उचलली गेली होती. माउली दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात ओटी भरते आहे म्हणतात. हिरडा सगळीकडे मिळतो आणि फेरसही. म्हणून हे लिहून ठेवायचं: फडकं काळं पडलं तर त्यावर काय आहे ते विचारा. ज्याला आपलं फडकं दुसऱ्या बाईने पाहिलेलं चालत नाही, त्याच्याकडे जाऊ नका. एक वाफा कोरा सोडल्याशिवाय कोणतंच औषध खरं मानू नका, आणि अंगातून रक्त जात असेल तर ते देवाला नाही, डॉक्टरला सांगा. त्याच्याही आधी, शेजारी बसलेल्या बाईला सांगा.

प्रयागबाईच्या घरातली मधली खोली अजून बंदच असते. गोरखचा फोन येतो, थोडा लांबतो. माउलीच्या हाताची आठवण तिला अधूनमधून येते. हे ती लपवत नाही.

मंगळवारी मात्र ती घरी नसते. त्या दिवशी रुग्णालयात बायकांची तपासणी असते. मळ्यामळ्यांतून, कधी डोंगरातूनही, पदर घट्ट धरून एकेकटी बाई येते आणि खिडकीसमोर उभी राहते. आतली परिचारिका नाव लिहिते, वय लिहिते, आणि मान वर करून विचारते, सोबत कोण आहे?

मागच्या बाकावरून प्रयागबाई उठते.

"मी हाय," ती म्हणते. "लिवा."